शिरेवाटे दिले जाणारे द्रव आणि रक्ताची गोठणक्षमता : एक ऐतिहासिक आढावा (१८३२–२०२२)

सारांश

अतिरक्तस्रावाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला शिरेवाटे द्रव देणे ही आधुनिक वैद्यकातील एक मूलभूत उपचारपद्धती आहे. हा द्रव रक्तवाहिन्या भरतो. परंतु रक्त गोठण्याच्या नैसर्गिक क्रियेवरही त्याचा परिणाम होतो. या परिणामाची जाणीव वैद्यकाला कशी झाली, ती मध्यंतरी मागे का पडली आणि पुन्हा पुढे कशी आली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. रक्तदाब मोजता आला म्हणून तोच उपचाराचे लक्ष्य ठरला आणि गोठणक्षमता खाटेजवळ मोजता न आल्याने दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, असे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

सामान्य माणसाच्या मनात ‘सलाइन लावणे’ ही बाब जणू उपचाराचाच पर्याय होऊन बसली आहे. सलाइन म्हणजे निरुपद्रवी मिठाचे पाणी, त्याने गुण आला नाही तरी अपाय होणार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. वैद्यकाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. शिरेत सोडलेला कोणताही द्रव हे एक औषध असते आणि प्रत्येक औषधाप्रमाणे त्याचे प्रमाण, वेळ व दुष्परिणाम असतात. रक्त वाहत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे दुष्परिणाम प्रामुख्याने रक्ताच्या गोठणक्षमतेशी निगडित आहेत.

रक्त गोठण्याची क्रिया स्थूलमानाने अशी सांगता येईल. रक्तवाहिनी फाटली की प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणिका त्या जागी चिकटतात. त्याच वेळी रक्तद्रवातील, म्हणजे रक्तातील पेशी वगळता उरणाऱ्या पिवळसर द्रवातील, प्रथिने एकामागून एक क्रियाशील होतात. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे फायब्रिनच्या तंतूंमध्ये रूपांतर करते. या तंतूंच्या जाळ्यामुळे गुठळी घट्ट होते. या साखळीतील एखादा घटक विरळ झाला, थंड झाला, आम्लधर्मी वातावरणात सापडला किंवा त्याच्यावर परक्या रेणूंचे आवरण चढले, तर गुठळी उशिरा व कमकुवत बनते. शिरेवाटे दिलेले द्रव या चारही मार्गांनी गोठणक्रियेत हस्तक्षेप करू शकतात.

निबंधाची उद्दिष्टे

१. शिरेवाटे द्रव देण्याच्या पद्धतीचा उगम व प्रसार कालक्रमाने पाहणे.
२. विविध द्रवांचा गोठणक्रियेवरील परिणाम कसकसा लक्षात आला, हे तपासणे.
३. ही जाणीव उपचारात उतरण्यास झालेल्या विलंबाची कारणमीमांसा करणे.

पटकीची साथ आणि पहिला प्रयोग

या पद्धतीचा उगम रक्तस्रावाच्या उपचारात नसून पटकीच्या साथीत आहे. १८३१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पटकी पसरली. विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण आयरिश वैद्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले आणि त्यातून पाणी व क्षार मोठ्या प्रमाणावर निघून गेल्याचे दाखवले. हे क्षार परत दिले पाहिजेत, हा त्याचा निष्कर्ष होता. ओशॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्यास आला, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पुढे भारतातील तारायंत्राच्या उभारणीमुळे प्रसिद्धी पावला.

त्याचा विचार प्रत्यक्षात आणला तो स्कॉटलंडमधील लीथ येथील थॉमस लॅटा या डॉक्टराने. १८३२ च्या मे महिन्यात त्याने एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत क्षारमिश्रित पाणी सोडले. नाडी जवळजवळ न लागणारी ती स्त्री सुमारे सहा पाइंट, म्हणजे साडेतीन लिटरांच्या आसपास द्रव गेल्यावर सावध झाली. पुढे जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांतच ती दगावली. तरीही मरणोन्मुख माणूस द्रवाने परत येऊ शकतो हे लॅटाने दाखवून दिले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. पटकीच्या रुग्णाने पाणी आणि क्षार गमावलेले असतात; त्याचे रक्त घट्ट झालेले असते. त्याला पाणी व क्षार देणे म्हणजे जे गेले तेच परत करणे होय. जखमी माणसाची स्थिती निराळी असते. त्याने रक्तच गमावलेले असते आणि त्याबरोबर तांबड्या पेशी, प्लेटलेट व गोठणघटकही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसूतीनंतरच्या आणि शस्त्रक्रियेतील रक्तस्रावासाठी क्षारद्रव वापरला जाऊ लागला, तेव्हा या दोन अवस्थांतील भेद पुसट झाला. त्या काळी सुरक्षित रक्तसंक्रमण उपलब्ध नव्हते, हे त्याचे व्यावहारिक कारण. रक्तगट कार्ल लँडस्टायनरने दाखवून दिले ते १९०१ मध्ये.

मोजता येणारा दाब, न मोजता येणारी गोठण

इटलीतील स्किपिओने रिव्हा-रॉच्ची याने १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन तयार केले. १९०५ मध्ये रशियातील निकोलाय कोरोत्कॉफ याने स्टेथोस्कोपच्या साहाय्याने वरचा व खालचा दाब ओळखण्याची रीत सांगितली. रुग्णाच्या अवस्थेला आता आकडा मिळाला. आकडा खाली गेला की द्रव द्यावा आणि आकडा वर आला की समाधान मानावे, असा उपचाराचा सोपा नियम त्यातून घडत गेला.

त्याच १९०५ मध्ये जर्मनीच्या पाउल मोराविट्झ याने रक्त गोठण्याची चार घटकांवर आधारलेली उपपत्ती मांडली. परंतु ती प्रयोगशाळेपुरती राहिली. प्रोथ्रॉम्बिन काल मोजण्याची आर्मंड क्विक याची चाचणी १९३५ मधली. संपूर्ण रक्ताची गुठळी कशी बनते व किती घट्ट होते याचा आलेख काढणारे यंत्र हेल्मुट हार्टर्ट याने १९४८ मध्ये जर्मनीत सादर केले. गोठणघटकांच्या साखळीची आज परिचित असलेली मांडणी १९६४ मध्ये झाली. यांपैकी कोणतीही गोष्ट रक्तदाबाच्या पट्ट्याइतकी सोपी, स्वस्त व तत्काळ उत्तर देणारी नव्हती. एका बाजूला मिनिटभरात कळणारा दाब आणि दुसऱ्या बाजूला बऱ्याच वेळाने येणारा प्रयोगशाळेचा अहवाल, या विषमतेने पुढील अनेक दशकांच्या उपचारांना दिशा दिली.

पहिले महायुद्ध : डिंक, रक्त आणि एक इशारा

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या ‘शॉक’ या अवस्थेचा अभ्यास प्रत्यक्ष आघाडीजवळ झाला. साधा क्षारद्रव रक्तवाहिन्यांत फार वेळ टिकत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस याने त्यावर उपाय म्हणून क्षारद्रवात अरबी डिंक मिसळला. डिंकाचे मोठे रेणू वाहिनीच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाहीत आणि पाणी आत धरून ठेवतात. अशा मोठ्या रेणूंच्या द्रवांना कोलॉइड म्हणतात. पुढे हा डिंक यकृतात साठून राहतो असे आढळल्याने त्याचा वापर मागे पडला. मात्र ‘रक्ताऐवजी मोठ्या रेणूंचा द्रव’ ही कल्पना टिकून राहिली.

याच युद्धात सायट्रेट घालून रक्त न गोठता साठवणे शक्य झाले आणि १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन याने आघाडीवर साठवलेल्या रक्ताचा वापर केला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन व त्याच्या सहकाऱ्यांची आहे. १९१८ मध्ये त्यांनी असे मांडले की, रक्तस्रावाची जागा शस्त्रवैद्याच्या आवाक्यात येण्यापूर्वी द्रव देऊन दाब वाढवू नये; कमी दाबामुळे आणि गुठळीमुळे थांबलेला रक्तस्राव त्याने पुन्हा सुरू होईल आणि अत्यंत मोलाचे रक्त वाया जाईल. गुठळीचे संरक्षण हा उपचाराचाच भाग आहे, हे या मांडणीचे सार होते. शतकातील एक महत्त्वाचा इशारा म्हणून त्याकडे पाहावे लागते. परंतु पुढील सात दशकांत तो जवळजवळ विस्मरणात गेला.

डेक्स्ट्रान ते स्टार्च : परक्या रेणूंचा परिणाम

दुसऱ्या महायुद्धात वाळवलेला रक्तद्रव आणि अल्ब्युमिन यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. अनेकांचा रक्तद्रव एकत्र केल्याने काविळीचा संसर्ग पसरू लागला आणि कृत्रिम पर्यायाचा शोध अधिक निकडीचा झाला. स्वीडनमधील उप्साला येथे अँडर्स ग्रोनवाल आणि ब्यॉर्न इंगेलमान यांनी १९४० च्या दशकात डेक्स्ट्रान हा पर्याय पुढे आणला. जिवाणू साखरेपासून तयार करतात तो हा बुळबुळीत पदार्थ बीटपासून साखर काढणाऱ्या कारखान्यांत उपद्रवी मानला जात असे.

डेक्स्ट्रान दिलेल्या रुग्णांत रक्तस्रावाचा काळ लांबतो, ही नोंद लवकरच झाली. त्याचे रेणू प्लेटलेटवर आवरण चढवतात आणि गोठणघटकांची पातळी विरळीकरणाच्या अपेक्षेपेक्षाही अधिक खाली आणतात. या दोषाचाच पुढे गुण म्हणून उपयोग करण्यात आला: शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून डेक्स्ट्रान दिले जाऊ लागले. एकच द्रव एका कक्षात रक्तस्रावाच्या रुग्णाला आधार म्हणून आणि दुसऱ्या कक्षात रक्त गोठू नये म्हणून वापरला जात होता, ही विसंगती लक्षणीय आहे.

डेक्स्ट्राननंतर हायड्रॉक्सिएथिल स्टार्च आले. मका किंवा ज्वारीसारख्या धान्याच्या पिष्टावर रासायनिक प्रक्रिया करून हा द्रव तयार करतात. त्या प्रक्रियेमुळे शरीरातील पाचकरस त्याचे विघटन सावकाश करतात. अमेरिकेत त्याला १९७२ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या पिढीतील स्टार्चचे रेणू फार मोठे होते. ते दिल्यावर आठवा गोठणघटक आणि फॉन विलेब्रांड घटक यांची पातळी घसरते असे आढळले. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक रक्तस्रावी आजारासारखी अवस्था या द्रवाने कृत्रिमरीत्या निर्माण होत होती. शिवाय स्टार्चच्या रेणूंमुळे फायब्रिनचे तंतू एकमेकांत नीट गुंफले जात नाहीत. गुठळी होते पण ती ठिसूळ राहते. रेणूंचा आकार कमी केलेल्या पुढील पिढ्यांत हा दोष सौम्य झाला, नाहीसा झाला नाही.

क्षारद्रवाचा सुवर्णकाळ आणि त्याची किंमत

साध्या क्षारद्रवाची परंपरा समांतर चालू होती. ब्रिटनमधील सिडनी रिंगर याने १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून कॅल्शियमसह क्षारांचे मिश्रण सिद्ध केले होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमान याने १९३० च्या दशकात त्यात लॅक्टेटची भर घातली. आजचे ‘रिंगर लॅक्टेट’ ते हेच. १९६० च्या दशकात डॅलस येथील टॉम शायर्स याने रक्तस्रावात पेशींभोवतीचा द्रवही घटतो आणि तो भरून काढण्यासाठी रक्ताबरोबर भरपूर क्षारद्रव द्यावा, असे प्रतिपादन केले. शायर्सचा आग्रह ‘रक्ताबरोबर’ होता. प्रत्यक्ष व्यवहारात अनेक ठिकाणी ‘रक्ताआधी आणि रक्तापेक्षा जास्त’ असे त्याचे रूप झाले.

व्हिएतनाम युद्धात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. अपघातग्रस्तांच्या उपचाराचा जो अभ्यासक्रम अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९८० मध्ये स्वीकारला, त्यात सुरुवातीलाच दोन लिटर क्षारद्रव देण्याची शिकवण होती. याच सुमारास रक्तपेढ्यांत संपूर्ण रक्ताऐवजी त्याचे घटक वेगळे करून साठवण्याची पद्धत रूढ झाली. साठवणुकीच्या व रक्ताच्या काटकसरीच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु आता जखमी रुग्णाला मिळत होत्या तांबड्या पेशी आणि क्षारद्रव. रक्तद्रव व प्लेटलेट प्रयोगशाळेचा अहवाल आल्यानंतर, म्हणजे बहुधा उशिरा, दिले जात.

याचा परिणाम गणिताने समजण्यासारखा आहे. रुग्णाचे रक्त वाहून जात असताना त्याच्या जागी गोठणघटक नसलेला द्रव भरत राहिला की उरलेले घटक दर फेरीला विरळ होतात. फिनलंडमधील सेप्पो हिप्पाला व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की, या घसरणीत सर्वांत आधी धोक्याच्या पातळीला पोहोचते ते फायब्रिनोजेन. प्लेटलेटचा क्रम बराच नंतर लागतो. खोलीच्या तापमानाचा द्रव शरीर थंड करतो आणि थंडीत प्लेटलेट व गोठणघटकांचे काम मंदावते. ०.९ टक्के क्षारद्रवात क्लोराइडचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा जास्त असल्याने तो मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्ताची आम्लता वाढते. गारठा, आम्लता आणि बिघडलेली गोठण या तिघांना १९८० च्या दशकापासून शस्त्रवैद्य प्राणघातक त्रिकूट मानू लागले. यांपैकी प्रत्येक दोष अनिर्बंध द्रवाने बळावू शकतो.

तथापि, विरळीकरणाचा परिणाम सरळ रेषेत होत नाही. क्षारद्रवाने थोडेसे विरळ झालेले रक्त उलट अधिक लवकर गोठते. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी क्षारद्रव दिलेल्या रुग्णांत पायाच्या खोल शिरांतील गुठळ्यांचे प्रमाण अधिक आढळले. १९९६ मध्ये केपटाउन येथील संशोधकांनीही सौम्य विरळीकरणाने गोठण्याची प्रवृत्ती वाढते असे दाखवले. गोठण रोखणारे नैसर्गिक घटकही त्याच वेळी विरळ होतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. थोड्या द्रवाने गोठण वाढते आणि पुष्कळ द्रवाने ती कोसळते. म्हणजेच क्षारद्रव कोणत्याही प्रमाणात निष्क्रिय नसतो.

ह्यूस्टन आणि लंडन : दोन निर्णायक अभ्यास

कॅननचा इशारा प्रत्यक्ष कसोटीस लागला तो ह्यूस्टनमध्ये. विल्यम बिकेल, केनेथ मॅटॉक्स व सहकाऱ्यांनी धडावर गोळी किंवा भोसकल्याची जखम झालेल्या आणि रक्तदाब खालावलेल्या ५९८ प्रौढ रुग्णांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीप्रमाणे लगेच द्रव देण्यात आला. दुसऱ्या गटात शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत तो रोखून धरला. लगेच द्रव दिलेल्या गटात ६२ टक्के, तर विलंबाने दिलेल्या गटात ७० टक्के रुग्ण वाचले. रुग्णालय जवळ होते, जखमा विशिष्ट प्रकारच्या होत्या आणि रुग्ण बहुतांशी तरुण होते. त्यामुळे हा निष्कर्ष सर्व जखमींना जसाच्या तसा लागू होत नाही. विशेषतः डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा दाब खाली राहू देणे घातक असते. तरीही ‘द्रव जितका लवकर तितका चांगला’ हे गृहीतक या अभ्यासाने मोडीत काढले.

दुसरा अभ्यास लंडनचा. करीम ब्रोही व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १,०८८ जखमींच्या नोंदी तपासल्या. रुग्णालयात पोहोचतानाच सुमारे एकचतुर्थांश रुग्णांची गोठण बिघडलेली होती आणि हा बिघाड दिलेल्या द्रवाच्या प्रमाणाशी जुळत नव्हता. बिघाड असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४६ टक्के, तर इतरांत सुमारे ११ टक्के होते. तीव्र इजा व शॉक यांमुळे गोठणक्रिया स्वतःहूनच विस्कटते, हे यातून पुढे आले. त्यामुळे सर्व दोष द्रवाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र या शोधाने द्रवाची जबाबदारी कमी न होता वाढली. कारण आधीच दुबळ्या झालेल्या गोठणक्रियेवर विरळीकरणाचा आणखी भार टाकला जात होता.

पुराव्याची विश्वासार्हता : स्टार्चचा धडा

स्टार्चच्या इतिहासातील एक प्रकरण अध्यापक व संशोधक या दोघांनाही विचार करायला लावणारे आहे. जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांच्या शोधनिबंधांनी नव्या पिढीतील स्टार्च सुरक्षित असल्याच्या मताला मोठे बळ दिले होते. २०१० मध्ये त्यांचा एक निबंध मागे घेण्यात आला आणि २०११ मध्ये नैतिक समितीची मान्यता नसल्याच्या कारणावरून अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्रितपणे त्यांचे ८० हून अधिक निबंध रद्द केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात त्यांचे अभ्यास वगळताच स्टार्च दिलेल्या अत्यवस्थ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसून आले.

दरम्यान २०१२ मध्ये स्कँडिनेव्हिया आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड येथील दोन मोठ्या चाचण्यांनी मूत्रपिंडावरील दुष्परिणाम पुढे आणले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये मृत्यू व मूत्रपिंडाची हानी यांबाबत ठळक इशारा दिला आणि हृदयशस्त्रक्रियेतील अतिरक्तस्रावाचाही उल्लेख केला. युरोपीय संघात २०२२ मध्ये या द्रवांची विक्रीपरवानगी स्थगित करण्याचा निर्णय झाला. गोठणक्रियेतील बिघाडाची नोंद दशकांपूर्वीच झालेली असताना निर्बंध येण्यास इतका काळ लागला, याचे एक कारण सदोष पुराव्यात सापडते.

पुन्हा रक्ताकडे

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लष्करी अनुभवाने दिशा पालटली. इराकमधील अमेरिकन लष्करी रुग्णालयातील २४६ जखमींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तांबड्या पेशींच्या तुलनेत रक्तद्रव अत्यल्प मिळालेल्या गटात ६५ टक्के मृत्यू झाले होते; जवळजवळ बरोबरीने मिळालेल्या गटात १९ टक्के. जे रुग्ण आधीच दगावले त्यांना रक्तद्रव मिळण्यास वेळच मिळाला नाही, हा आक्षेप या तुलनेवर घेतला गेला आणि तो रास्त होता. पुढे ६८० रुग्णांवरील चाचणीत (२०१५) रक्तद्रव, प्लेटलेट व तांबड्या पेशी समप्रमाणात दिल्याने एकूण मृत्युसंख्येत निर्णायक फरक पडला नाही. परंतु पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले.

गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध जपानमधील उताको व शोसुके ओकामोटो यांनी १९६० च्या दशकात पुढे आणले होते. भारतासह ४० देशांतील २०,२११ जखमींवरील चाचणीत (२०१०) त्याने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. अपघात उपचाराच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीत सुरुवातीच्या क्षारद्रवाची मर्यादा एक लिटरपर्यंत खाली आणली गेली आणि रक्त व रक्तघटक लवकर देण्यावर भर दिला गेला. कॅननने १९१८ मध्ये मांडलेला विचार पूर्ण शतकानंतर अशा प्रकारे पाठ्यक्रमात स्थिरावला.

निष्कर्ष

१. शिरेवाटे द्रव देण्याची पद्धत पाणी व क्षार गमावलेल्या रुग्णासाठी जन्मली. तिचा रक्तस्रावाच्या रुग्णापर्यंत झालेला विस्तार गरजेपोटी होता; दोन्ही अवस्थांतील भेद त्यात मागे पडला.

२. कोलॉइड द्रव गोठणक्रियेत थेट अडथळा आणतात, तर क्षारद्रव प्रामुख्याने विरळीकरण, गारठा व आम्लता यांद्वारे. दोन्ही बाबतींत परिणाम प्रमाणावर अवलंबून असतो.

३. रक्तदाब हे सहज मोजता येणारे लक्षण उपचाराचे साध्य बनले. गोठणक्षमतेचे मापन अवघड असल्याने तिचा विचार उशिरा झाला. जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची ही प्रवृत्ती केवळ वैद्यकापुरती मर्यादित नाही.

४. कॅननचा इशारा व डेक्स्ट्रानविषयीच्या नोंदी यांवरून असे दिसते की, उणीव ज्ञानाची कमी आणि उपलब्ध ज्ञानाच्या स्मरणाची अधिक होती. स्टार्चच्या प्रकरणात सदोष पुराव्याने या विस्मरणाला हातभार लावला.

या विवेचनाचा अर्थ क्षारद्रव त्याज्य आहे असा नव्हे. पटकी, अतिसार व निर्जलीकरण यांत तो आजही प्राण वाचवतो आणि रक्तपेढीपासून दूर असलेल्या रुग्णालयात रक्तस्रावाच्या रुग्णालाही तोच काही काळ तगवून धरतो. अशा ठिकाणी जखम दाबून धरणे, रुग्णाला उबदार ठेवणे, द्रव मोजून देणे आणि रक्त मिळेल तेथे त्याला त्वरेने पोहोचवणे या साध्या गोष्टींचे मोल बाटल्यांच्या संख्येपेक्षा अधिक ठरते. लॅटाने रिकाम्या होत चाललेल्या शिरा भरल्या. त्या शिरांतून वाहणाऱ्या द्रवाला गोठताही आले पाहिजे, हे शिकण्यास वैद्यकाला त्यानंतर जवळजवळ दोन शतके लागली.